सखीच्या मागची खोली

१

धाकटीच्या गळ्यात एक अख्खं गाव नांदतं, असं तिच्या स्टुडिओतले लोक म्हणायचे. तिचं काम होतं पुस्तकं वाचायचं. मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने, माइकसमोर बसून, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी वाचायला वेळ नाही किंवा दृष्टी नाही त्यांनी ती कानांनी वाचावीत. नवी कादंबरी हातात आली की ती आधी पात्रं वाटून घ्यायची. नायक-नायिका एका बाजूला. खलपात्र दुसऱ्या बाजूला. मधेमधे हसवणारा एखादा, वाट दाखवणारा एखादा म्हातारा. आणि मग उरलेली दुय्यम मंडळी, ज्यांच्यावाचून गोष्टीचं पान हलत नाही, पण ज्यांच्यासाठी कुणी पुस्तक विकत घेत नाही.

प्रत्येकाला ती ओळखीतल्याच कुणाचा तरी आवाज द्यायची. खलपात्राला तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचा. हळू, गोड, समोरच्याच्या तब्येतीची आस्थेने चौकशी करणारा. खरा खलनायक कधी आरडाओरडा करत नाही, हे ती त्या शाळेतच शिकली होती. विनोदी पात्राला इमारतीतल्या नळदुरुस्तीवाल्याचा, ज्याचं प्रत्येक वाक्य शिंकेच्या काठावर येऊन थांबायचं. म्हाताऱ्याला वडिलांचा, जेवढा आठवत होता तेवढा.

आणि नायिकेच्या सखीला ताईचा.

सखी बहुतेक कादंबऱ्यांत असतेच. मैत्रीण असेल, शेजारीण असेल, वर्गातली कुणी असेल. नायिकेच्या पोटातलं ओठांवर यावं म्हणून लेखकाने तिला समोर आणून बसवलेली असते. ती दारात उगवते, ‘मग? पुढे काय झालं?’ असं विचारते, डोळे मोठे करून ऐकते आणि प्रकरण संपलं की जाते. कुठे जाते, ते कुणी लिहीत नाही.

ताई धाकटीहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा ताईने धाकटीला पदराखाली घेतलं आणि मग पदर सोडवून घ्यायला ती विसरलीच. सगळा जन्म एका चष्म्याच्या दुकानात गेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं धरायची आणि विचारायचं, “आता कसं दिसतंय? आणि आता?” लग्न केलं नाही. आता निवृत्त होऊन घरीच असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोघी बहिणी वर्षानुवर्षं राहत होत्या आणि संध्याकाळचा पाठ ठरलेला होता. धाकटी आली की ताई चहा टाकायची, समोर बसायची आणि म्हणायची, “मग? आज कुठपर्यंत आलं?”

की धाकटी सुरू. कादंबरीत काय झालं, स्टुडिओत कोण काय बोललं, घसा कसा बसला, नवी संपादकबाई कशी दीडशहाणी आहे. ताई ऐकायची. तिच्यासारखं ऐकणारं माणूस लाखात एक, असं धाकटी सगळ्यांना सांगायची. ताईविषयी सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं, हे मात्र तिच्या कधी लक्षात आलं नाही.

२

स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. गाण्याचा गंध नाही, पण दुसऱ्या खोलीत सुई पडली तर सुई का टाचणी ते सांगेल असा माणूस. त्या दिवशी दुपारी त्याने काचेपलीकडून हात वर केला आणि वाचन थांबवलं.

“बाई, आत काही चालू आहे का? मोबाइल, पंखा, काही?”

“काही नाही. का?”

“बाहेर या. ऐका.”

धाकटी वाचायची ती खोली म्हणजे गादीच्या पोटात बसल्यासारखी. भिंतींना, छताला, दाराला आतून जाड स्पंज. टाळी वाजवली तर टाळीसुद्धा हातातच मरायची. त्यामुळे तिच्या आवाजामागे कधी काही नसायचं. कानसेनने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. नायिका बोलली. मागे शांत. नायक बोलला. मागे शांत. मग सखी बोलली, “तू त्याला विचारलंस का नाहीस?” आणि त्या एवढ्याशा वाक्यामागे एक खोली ऐकू आली.

खोली कशी ऐकू येते, हे ज्याने हे काम केलंय त्यालाच कळतं. भिंतींवरून आवाज किंचित परततो. भांडी असतात, ती न वाजताही असतात. कुठेतरी यंत्राची घरघर असते. सखीच्या वाक्यामागे हे सगळं होतं आणि वाक्य संपताच कुणी दार लावून घ्यावं तसं नाहीसं होत होतं.

“प्रत्येक वेळी हिच्याच मागे,” कानसेन म्हणाला. “सकाळपासून तपासतोय. दुसऱ्या कुणाच्या मागे नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे वायर बदलायला पाहिजे. मी आजवर भूत ऐकलेलं नाही बाई, अर्थिंग खराब असलेलं मात्र भरपूर ऐकलंय.”

धाकटी हसली. पण हेडफोन तिने लगेच काढले नाहीत. ती घरघर मधेच उचकी लागल्यासारखी थांबत होती आणि पुन्हा धरत होती. त्यांच्या स्वयंपाकघरातला फ्रिज तसाच थांबायचा. पण तसे फ्रिज काय, शहरात शेकड्यांनी असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. दिवसभर दुसऱ्याच्या बोली बोलणाऱ्या बाईने असल्या गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत.

३

“मग? आज कुठपर्यंत आलं?” ताईने विचारलं.

धाकटीच्या हातातला कप ओठांपर्यंत जाऊन थांबला.

स्वयंपाकघर छोटं, फरश्या टाइल्सच्या, भिंतीवर स्टीलची भांडी. इथे चमचा खाली ठेवला तरी ठण्ण वाजायचा. धाकटीचा स्वतःचा आवाज इथे नेहमी चढा वाटायचा. पण ताईचं ते वाक्य कोरडं आलं. गादीच्या पोटातून आल्यासारखं, आगेमागे काही नसलेलं. आवाज ओठांतून सुटला आणि तिथेच संपला. खोलीने तो घेतलाच नाही.

“सर्दी झालीये का गं तुला?”

“मला? नाही. तू सांग ना. त्या नायिकेने त्याला विचारलं का शेवटी?”

धाकटी ऐकत राहिली, शब्द नव्हे, त्यांच्या मागचं. मागे काहीच नव्हतं. कान दमलेत, दुसरं काय, असं मनाशी म्हणत तिने सहज विषय बदलला.

“ते राहू दे. तू काय केलंस आज दिवसभर?”

“मी? माझं काय असणार. तू सांग.”

“नाही, खरंच. सकाळी मी गेले, मग तू काय केलंस?”

ताई तिच्याकडे पाहत राहिली. चेहरा प्रेमळच होता, नेहमीसारखा. ओठ थोडे उघडलेले. रंगमंचावर एखाद्या नटाचं वाक्य हरवतं आणि तो पडद्यामागून कुणी सांगेल म्हणून तसाच हसरा उभा राहतो, ती तशी थांबली होती. एवढं थांबणं माणसाला शोभत नाही. शेवटी धाकटीलाच राहवलं नाही. ती म्हणाली, “बरं, जाऊ दे. आज काय झालं सांगू का?”

आणि ताईच्या चेहऱ्यावर जीव आला. “सांग की. मग?”

४

दोन-चार दिवसांनी स्टुडिओतली वीज गेली आणि धाकटी भर दुपारी घरी परतली. जिना चढून दाराशी आली, पर्समध्ये चावी शोधू लागली आणि शोधता शोधता थबकली.

घरातून काहीही ऐकू येत नव्हतं. ताई झोपली असेल, असं वाटलं असतं. पण झोपलेल्या माणसाच्या घरालासुद्धा आवाज असतो. शेजारच्या दारामागे कुणी भांडी घासत होतं, वरच्या मजल्यावर कुणाची खुर्ची सरकत होती. त्यांचं दार तेवढं भिंतीसारखं गप्प होतं.

तिने चावी कुलुपात घातली. आत नळ सुरू झाला. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. चपलांची फटफट ओट्यापासून टेबलापर्यंत गेली. फ्रिज घरघरला आणि त्याला उचकी लागली.

धाकटीचा हात चावीवर होता. आपण काय करतोय याची तिला लाजच वाटली, पण तिने चावी हळूच मागे ओढली. बाहेर काढली.

नळ थांबला. चपला थांबल्या. फ्रिजसुद्धा.

ती जिन्यात किती वेळ उभी होती, ते तिला नंतर सांगता आलं नाही. योगायोग असतात. ताईने नेमका तेव्हाच नळ बंद केला असेल, वीज इथेही गेली असेल. तिने पुन्हा चावी घातली. पुन्हा नळ, पुन्हा भांडं, पुन्हा त्याच चपला, ओट्यापासून टेबलापर्यंत. तिसऱ्यांदा करून पाहायचं धैर्य तिला झालं नाही. तिने दार उघडलं.

ताई नॅपकिनला हात पुसत उभी होती. “आलीस? लवकर आलीस आज. मग? कुठपर्यंत आलं?”

नॅपकिन कोरडा होता. हातही.

५

“त्या दिवशी तुम्ही वरवर हसलात, पण घाबरला होतात, म्हणून मी विषय काढला नव्हता,” कानसेन म्हणाला. “पण हे तुम्ही ऐकायला हवं.”

स्टुडिओत जुन्या कॅसेटी साफ करून नव्याने उतरवून घेण्याचं काम चालू होतं. त्यात धाकटीच्या अगदी पहिल्या कॅसेटीही होत्या. अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी कॉलेजात असताना वाचलेल्या. वायर बदलून झाली होती, अर्थिंगही झालं होतं, आणि कानसेनचा चेहरा मात्र वायरीत दोष सापडलेल्या माणसासारखा नव्हता.

पहिल्या कॅसेटीतली धाकटी अगदी पोरसवदा होती. नायिका नाकात बोलायची, नायकाला दमा असावा असं वाटायचं. तरुण धाकटीने तेव्हाही सखीला ताईचाच आवाज दिला होता. “असं काय करतेस?” सखी म्हणाली, आणि मागे एक खोली उघडली.

ती त्यांची जुनी खोली होती, रस्त्यावर उघडणाऱ्या खिडकीची. कुणीतरी गुणगुणत होतं. पुढच्या वाक्यामागे बशीत कप ठेवला गेला. त्याच्या पुढच्या वाक्यामागे एक पुरुष काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण आवाज आपल्या माणसाचा असावा तसा, सावकाश. आणि ताई हसली.

धाकटीने ते हसू जन्मात ऐकलं नव्हतं. ताई नेहमी ओठ मिटून हसायची, समोरच्याचा विनोद वाया जाऊ नये एवढ्यापुरतं. हे हसू तसं नव्हतं. जिच्यासाठी सगळी गोष्ट लिहिलेली असते, ती बाई अशी हसते.

“हे कोण आहेत, तुम्हाला माहीत आहे का?” कानसेनने विचारलं.

“नाही,” धाकटी म्हणाली. हे उत्तर देताना तिला जेवढं लागलं तेवढं आजवर कशानेच लागलं नव्हतं.

तो एकेक कॅसेट लावत गेला, पुढच्या पुढच्या वर्षांची. पुरुषाचा आवाज दोन पुस्तकांत होता, मग नव्हता. गुणगुणणं राहिलं, मग अर्ध्या ओळीत तुटू लागलं, मग नुसता रेडिओ. घर बदललं, खिडकीबाहेरचा रस्ता गेला. पुढे एखादा उसासा, एखादी खुर्ची सरकल्याचा आवाज. धाकटीचं नाव होत गेलं, नायिका नाकातून बाहेर आल्या, नायकांचा दमा बरा झाला आणि सखी तर इतकी सुरेख झाली की ऐकणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. आणि सखीच्या मागची खोली रिकामी होत गेली. अलीकडच्या पुस्तकांत फक्त फ्रिज होता.

“हे सगळं पुसता येतं,” कानसेन हळूच म्हणाला.

“पुसू नका.”

“मग काय करू?”

धाकटीने सांगितलं की चालू कादंबरीतली सखीची सगळी वाक्यं ती पुन्हा वाचेल, दुसऱ्या आवाजात. आणि तिने वाचली, कधी जाडसर करून, कधी परक्या मुलीसारखी. कानसेनने लावून दाखवलं. ताईचा आवाज नव्हता. पण त्या नव्या मुलीच्या मागेही तीच घरघर होती, तीच उचकी. सवय मोडायला खूप उशीर झाला होता.

“सखी काढूनच टाकली तर?” तिने विचारलं.

“मग नायिका बोलणार कुणाशी बाई? भिंतीशी?”

६

समोरच्या इमारतीत एक शिवणवाली होती. धाकटीचा एक ड्रेस तिच्याकडे उसवायला दिलेला होता. खरं तर तो आणायची घाई नव्हती, पण घरी जाण्याआधी कुठेतरी थोडं टेकावं असं धाकटीला वाटत होतं. ऊन अजून उतरलं नव्हतं. शिवणवालीने तिला खिडकीपाशी स्टूल दिलं आणि तोंडातल्या टाचण्या काढत म्हणाली, “तुमच्या ताई फार शांत बाई आहेत हो.”

“तुमच्याकडे येते का ती?”

“छे, कधी नाही. पण इथून तुमचं स्वयंपाकघर दिसतं ना. मशीनवरून मान वर केली की समोर त्याच. दाराकडे तोंड करून उभ्या असतात.” ती संकोचून हसली. “रागावू नका हं. बरेच दिवस मला वाटायचं, दोरीवर कुणी कपडा टाकलाय. मग एकदा तुम्ही घरी आलात आणि तो कपडा चालायला लागला, तेव्हा कळलं.”

धाकटीने वळून खिडकीबाहेर पाहिलं.

रस्ता अरुंद होता. समोर त्यांची खिडकी, अर्धी उघडी. ओटा, फ्रिजची पांढरी कड, लटकणारा झारा. आणि टेबलाच्या अलीकडे ताईचा निळा ड्रेस. ताई दाराकडे तोंड करून उभी होती, म्हणजे इथून ती बाजूने दिसायला हवी होती. कान, गाल, खांद्याची गोलाई, पोटाशी धरलेले हात. माणूस बाजूने पाहिलं की त्याला जे असतं ते सगळं.

धाकटीने पाहिलं. यातलं काहीच तिथे नव्हतं; होती ती नुसती निळ्या कापडाची कड. मग तिने झटकन मान फिरवली आणि शिवणवालीच्या हातातल्या सुईकडे पाहू लागली.

“ऊन डोळ्यावर येतं इथे,” ती म्हणाली.

“हो ना. संध्याकाळी तर काहीच नीट दिसत नाही,” शिवणवाली म्हणाली आणि तिने पडदा ओढून घेतला. दोघी त्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.

रस्ता ओलांडताना धाकटी स्वतःची समजूत घालत होती. प्रकाश तिरपा असला की असं होतं. निळ्यावर निळं पडलं की कडा कळत नाहीत. तिचं सगळं आयुष्य शब्दांत गेलं होतं आणि कोणता शब्द कशाला लावायचा ते तिला चांगलं कळत होतं. जे दिसलं त्याला लावायचा शब्द तिला पायरीवरच सापडला होता. तो तिने उच्चारला नाही.

जिन्यातच तिने मोठ्याने खाकरून घेतलं. चावी काढायच्या आधी ती दाराबाहेरूनच म्हणाली, “ताई, मी आलेय गं,” आणि आतल्या सगळ्या आवाजांना पुरेसा वेळ दिला.

७

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली नाही. सकाळी चहा तिने स्वतः टाकला. ताईला खुर्चीवर बसवलं, आपली खुर्ची तिच्या अगदी समोर ओढली. बाजूला बसली नाही.

“आज मी काही सांगणार नाही,” ती म्हणाली. “आज तू सांगायचं.”

“मी काय सांगू?”

“जुन्या घरी दुपारी कुणीतरी यायचं. सावकाश बोलणारं. तू हसायचीस.”

ताईचे ओठ उघडे राहिले. ते थांबणं पुन्हा आलं. या वेळी धाकटीने विषय बदलला नाही. तिने ताईचा हात हातात घेतला. हात उबदार होता, आणि त्या उबेचा तिला इतका आधार वाटला की डोळे भरून आले.

“दुकानात यायचा,” ताई अचानक म्हणाली. आवाज तोच, कोरडा, मागे काही नसलेला. “चष्मा कानामागे टोचतो म्हणायचा. मी काडी वाकवून द्यायचे. दोन दिवसांनी पुन्हा टोचायचा.”

“मग?” धाकटी म्हणाली. माइकसमोर नसताना, आयुष्यात पहिल्यांदाच हा शब्द तिच्या तोंडी होता.

“मग मला कळलं की चष्मा बरोबर आहे. मी त्याला काही बोलले नाही. तक्रार खोटी होती, पण येणं खरं होतं.”

धाकटीच्या हातातून ताईचा हात निसटला.

ते वाक्य तिने वाचलं होतं. स्वतःच्या तोंडाने, गेल्याच कादंबरीत. घड्याळाच्या दुकानातली नायिका न बिघडलेलं घड्याळ घेऊन येणाऱ्या माणसाबद्दल सखीला हेच सांगते, याच शब्दांत. आणि त्या संध्याकाळी याच टेबलाशी धाकटीने ते ताईला ऐकवलं होतं, वाक्य किती छान आहे म्हणून दोनदा ऐकवलं होतं.

म्हणजे हे ताईचं नव्हतंच. पुस्तकातलं, धाकटीने आत ओतलेलं, तेच परत आलं होतं. पण मग तो कॅसेटमधला माणूस? तो तर खरा होता. त्याचा चष्माही कदाचित खरा असेल. कदाचित ताईचं सगळं खरं असेल आणि शब्द तेवढे नायिकेचे, कारण स्वतःचे शब्द तिच्याकडे उरले नसतील. खरं काय नि उसनं काय हे ठरवायला काहीतरी माहीत असावं लागतं. दुकानात कोण येतं, कोणाला हसू येतं, दुपारी घरी कोण कप उचलतं. धाकटीने कधी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं दोन खोल्यांत राहून तिच्याकडे ताईबद्दल ताडून पाहायलासुद्धा काही नव्हतं.

“आणि मग, ताई? तो पुढे काय म्हणाला?”

ताईने डोळे मोठे केले. ती थोडी पुढे झुकली, उत्सुकतेने, जिवाभावाने, जशी ती नेहमी झुकायची.

“काय म्हणाला गं?” तिने विचारलं. “मग? पुढे काय झालं?”

८

धाकटीने स्टुडिओ सोडला. कानसेनने दोनदा फोन केला, मग त्यानेही फोन करणं बंद केलं. ती कादंबरी दुसऱ्या कुणी वाचून पूर्ण केली असावी.

ती आता घराबाहेर पडत नसे. पडलीच तर ताईला बरोबर घेऊन, आणि चालताना एक पाऊल पुढे राहून. ताईला एकटं ठेवून दार ओढून घ्यायची तिची हिंमत होत नव्हती. आपण गेल्यावर घरात काय होतं यापेक्षा, काहीच होत नाही, हे तिला सहन होत नव्हतं.

संध्याकाळी दोघी चहा घेत आणि धाकटी गोष्ट सांगे. पण आता ती ताईचीच गोष्ट असे. धाकटीने आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलं होतं, स्वतः चार ओळी कधी जुळवल्या नव्हत्या. आता ती रोज थोडं थोडं रचायची. चष्मा टोचणाऱ्या त्या माणसाला एक धंदा दिला, नकाशे काढण्याचा. त्याला एक भित्री आई दिली. तो ताईसाठी जुन्या खिडकीखाली उभा राहायचा, असं सांगितलं. सांगताना तिला कळत होतं की हे खोटं आहे आणि खऱ्याच्या जागी बसतंय. पण रिकाम्या खुर्चीपेक्षा कुणीतरी बसलेलं बरं, असं ती म्हणायची. ताई ऐकायची. कधी कधी तिचा चेहरा ऐकता ऐकता इतका मऊ व्हायचा की धाकटीला वाटायचं, खाली कुठेतरी काहीतरी अजून ओलं आहे.

एका संध्याकाळी गोष्ट निरोपापर्यंत आली. नकाशेवाल्याला दूरच्या गावी काम मिळालं, असं धाकटीने ठरवलं होतं. स्टेशनवर गर्दी होती. त्याच्या हातात एक लांबलचक नळी होती, नकाशांची. ताई फलाटावर उभी होती.

“तू हिरवा स्वेटर घातला होतास,” धाकटी म्हणाली. “गाडी हलली आणि तू हात वर केलास.”

“मी गेले नव्हते,” ताई म्हणाली.

धाकटीने कप खाली ठेवला. हे वाक्य तिने रचलेलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही नव्हतं. तिने भराभर मनातली सगळी पुस्तकं उलटून पाहिली, एकूण एक सख्या, एकूण एक स्टेशनं. नव्हतं. आणि ते वाक्य भांड्यांना लागून, फरशीवर पडून, किंचित परत आलं होतं.

“कुठे गेली नव्हतीस, ताई?”

“स्टेशनवर. निघाले होते. चपला घातल्या होत्या.” ताईच्या कपाळावर एक आठी आली. ती काहीतरी लांबचं, बारीक अक्षर वाचत असावी तशी. “तुला ताप होता.”

धाकटी वाट पाहत राहिली. चहावर साय धरली. खिडकीत ऊन होतं ते सरकून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं. ताईच्या कपाळावरची आठी हळूहळू मिटत गेली आणि तिचा चेहरा पुन्हा नेहमीचा झाला, प्रेमळ, ओठ थोडे उघडे.

त्यानंतर तिने स्वतःहून काही सांगितलं नाही. धाकटीने पुष्कळ गोष्टी रचल्या, मुद्दाम चुकीच्या, ढळढळीत खोट्या, ताईने मधेच अडवावं म्हणून. तिने कधीच अडवलं नाही.

आणि तो ताप. दिवसचे दिवस ओट्याशी उभं राहून धाकटी तो आठवायचा प्रयत्न करायची. इतका मोठा ताप असेल तर काहीतरी आठवायला हवं होतं. पण आठवत नव्हतं. जिभेवरचं कडू औषध नाही, कपाळावरची ओली घडी नाही, आणि त्या संध्याकाळी उशाशी पायांत चपला घालून कोण बसलं होतं, तेही नाही.